नजराण्यातली बिदरी

बिदरीच्या, म्हणजे कर्नाटकातील बीदरच्या धातुकामाच्या, काळ्याभोर सुरईवरची चांदीची वेल पाहिली की ही वस्तू फार मौल्यवान असणार, असे वाटते. प्रत्यक्षात भांड्याचा बहुतेक भार जस्ताचा असतो, त्यात थोडे तांबे मिसळलेले असते, आणि चांदी वापरतात ती तारेपुरती किंवा पातळ पत्र्यापुरतीच. ब्रिटिश अमदानीतील नजराण्यांत बिदरी शोभून दिसली, त्यामागे हेही एक कारण असावे असे मला वाटते.

ईस्ट इंडिया कंपनीच्या अधिकाऱ्यांनी भेटवस्तू स्वीकारण्यावर १७७३ च्या रेग्युलेटिंग अ‍ॅक्टने बंदी घातली होती. पुढे दरबारी भेटी सरकारी तोशाखान्यात, म्हणजे भेटवस्तूंच्या कोठारात, जमा होऊ लागल्या. युवराज अल्बर्ट एडवर्ड, म्हणजे नंतरचे सातवे एडवर्ड, नोव्हेंबर १८७५ मध्ये मुंबईला उतरले, तेव्हाही संस्थानिकांनी जुनी शस्त्रे, दुर्मीळ वस्तू आणि आपापल्या मुलखातील कारागिरीच भेट द्यावी, असे ठरले होते. अशा वेळी धातूच्या मोलापेक्षा हातच्या कामाचे मोल दाखवणाऱ्या कलांना आपोआप महत्त्व आले. पंजाबातील कोफ्तगरी, म्हणजे पोलादावर सोन्या-चांदीची तार ठोकून केलेली नक्षी, त्यांपैकीच एक, आणि बिदरी तर या कसोटीला पुरेपूर उतरणारी.

ते काम जवळून पाहण्यासारखे आहे. एरंडेल आणि राळ घातलेल्या वाळूच्या साच्यात भांडे ओततात, कानशीने घासून गुळगुळीत करतात आणि नक्षीची रेघ दिसावी म्हणून मोरचुदाच्या पाण्याने त्याला तात्पुरते काळे करतात. मग छिन्नीने खाच पाडून तीत चांदीची तार हलक्या हाताने ठोकून बसवतात. शेवटी बीदरच्या किल्ल्यातील, ऊन-पाऊस न लागलेल्या जागेची माती नवसागराबरोबर पाण्यात मिसळून लावली की मिश्रधातू कायमचा काळा पडतो आणि चांदी मात्र तशीच लखलखीत राहते. योग्य माती कारागीर जिभेवर चाखून ओळखतात. इतकी नेमकी पारख मला विलक्षण वाटते.

युवराजांना मिळालेल्या दोन हजारांहून अधिक वस्तू त्यांच्या परतीनंतर १८७६ मध्येच लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमध्ये मांडल्या गेल्या, आणि १८७८ मध्ये पॅरिसलाही गेल्या. अशा प्रदर्शनांमुळे हिंदी कारागिरीचे युरोपात कौतुक झाले, हे मान्यच आहे. परंतु तिकडच्या दिवाणखान्यात पोहोचलेले बिदरी हुक्क्याचे पात्र नळी आणि चिलीम गमावून निव्वळ फुलदाणी ठरले. नोंदींमध्येही देणाऱ्या संस्थानिकाचे नाव सापडते, तार बसवणाऱ्याचे बहुधा नाही.

बीदर १९५६ पर्यंत मराठवाड्याबरोबर हैदराबाद राज्यात होते आणि औरंगाबादेतही बिदरीचे काम चालत आले आहे, त्यामुळे ही कला आपल्याला परकी नाही. बिदरीला २००६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्याने गावाचे नाव जपले गेले. आता नवी वस्तू मानचिन्ह म्हणून देताना देणाऱ्या संस्थेच्या नावाबरोबर तळाशी कारागिराचेही नाव कोरले जावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.