दोघांचा केर

परवा गाडी चुकली. म्हणजे रेल्वे नाही, कचऱ्याची. इंदुरात नुसतं ‘गाडी आली’ म्हटलं की हीच गाडी, बाकीच्यांची नावं सांगावी लागतात. सकाळी उपाशीपोटी रक्त तपासायला गेले होते. परत येईपर्यंत ती गाणं वाजवत गल्ली ओलांडून गेलीही होती. हे घरातच होते, पण त्यांना ते गाणं ऐकू येत नाही. सगळ्या शहराला पाठ झालेलं गाणं, पाळण्यातली पोरं त्यावर माना डोलावतात, आणि या एका माणसाला ऐकू येत नाही. शेजारच्या घरातला क्रिकेटचा स्कोअर मात्र भिंतीतून कळतो.

दुपारी चहाचा चोथा टाकायला ओल्याचा डबा उघडला. दोन दिवसांचं साठलेलं, त्यात हा उकाडा, म्हणून आधीच नाकाला पदर लावला होता. बघते तर डब्याचा तळसुद्धा धड झाकलेला नाही. चहाचे चार चोथे, पिळलेल्या लिंबाच्या दोन वाट्या, कोथिंबिरीच्या काड्या, एका केळ्याचं साल आणि काकडीची कडू टोकं. दोन दिवस, दोन माणसं, आणि एवढंच. मी झाकण हातात धरून तशीच उभी राहिले.

“काय झालं? पाल आहे का?” हॉलमधून प्रश्न आला.

“नाही हो. काहीच नाहीये.”

“मग लाव की झाकण.”

शहराबाहेरच्या राऊहून जुन्या वस्तीतल्या रामबागेत आलो त्याला चौदा महिने झाले. आमच्या लोकांची वाहती दिशा खरं तर उलटी. रामबागेतले, नारायणबागेतले वाडे विकून मराठी घरं आधी सुदामानगरला गेली, मग आणखी पुढे, आणि आता बायपासच्या पलीकडे प्लॉट घेतात. जाऊबाई म्हणाल्याच, “लोक म्हातारपणी बंगला बांधतात, आणि तुम्ही बंगला विकून फ्लॅटमध्ये चढताय!” कारणं सांगण्यासारखी काही नाहीत, सगळ्यांची असतात तीच. गुडघे, डॉक्टर, रात्री बारा-पंधरा किलोमीटर गाडी चालवायला नको म्हणणारे यांचे डोळे. मुलगा बेंगळुरूला, मुलगी म्युनिकला. चार खोल्या, वरची गच्ची, आणि आम्ही दोघं. खालून वर हाक मारून घसा दुखायला लागला, तेव्हा आम्ही घरातल्या घरात एकमेकांना मोबाईल लावायला लागलो. एके दिवशी ह्यांचा फोन स्वयंपाकघरात राहिला आणि ते गच्चीवर. त्याच संध्याकाळी विकायचं ठरलं.

इथे राजवाडा पायी गाठता येतो. सराफ्यातली रात्रीची खाण्याची दुकानं हाकेच्या अंतरावर. आल्या आल्या हौसेनं रात्री दहाला दोघं गेलो, गराडूची, म्हणजे तळलेल्या कंदाची, एक प्लेट दोघांत खाल्ली आणि पहाटे तीनपर्यंत दोघं ओवा चावत बसलो. तेव्हापासून सराफा हाकेच्या अंतरावरच आहे.

राऊला ओल्या कचऱ्याचा हिशेबच नव्हता. परसात जामाचं झाड, त्याच्याखाली खड्डा, सगळी सालं-टरफलं खड्ड्यात. (जाम म्हणजे पेरू. पुण्याची माणसं यावर हसतात. हसू देत, त्यांना आमच्यासारखे जाम कुठे मिळतात?) खड्डा कधी विचारत नाही, आज एवढंच का म्हणून. इथली गाडी विचारते.

गाडीला सहा कप्पे: ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घरातला घातक आणि ई-कचरा. चुकीच्या कप्प्यात काही पडलं की गाडीबरोबरचा मुलगा ते आपल्याच हातात परत देतो, सगळ्यांसमोर. 2017 पासून वर्षानुवर्षं स्वच्छतेत शहराचा देशात पहिला नंबर आला, तेव्हा इथे कचऱ्याविषयी माणसं संगीताविषयी बोलावं तशी बोलतात. पुण्याच्या माझ्या भाच्यानं रस्त्यात चॉकलेटचा कागद टाकला, तर पानवाल्यानं विडा अर्धवट सोडून “भिया, उठा लो” म्हणून सांगितलं. अशा गावात मी पहिल्या आठवड्यात माझा डबा घेऊन खाली उतरले. मुलानं तो पालथा केला, दोनदा आपटला, आत वाकून पाहिलं.

“बस, इत्ता सा? क्या आंटी, खाना-वाना नहीं बनाते क्या?”

थट्टाच होती. पण रांगेत दुसऱ्या मजल्यावरची सून उभी होती, दोन्ही हातांत दोन भरलेले डबे. तिच्या ओल्यात मक्याची कणसं सोलल्याचा ढीग, सुक्यात पेन्सिलीच्या चुन्या आणि कसल्याशा प्रोजेक्टचा थर्माकोल. दुसऱ्याच्या ताटात डोकावू नये असं शिकवलं होतं, डब्याचं कुणी काही सांगितलं नव्हतं.

त्यानंतर मी जे केलं ते कुणाला सांगितलेलं नाही, यांनाही नाही. सोललेले मटार मिळत असताना मी शेंगा आणायला लागले. हरे छोड, म्हणजे ओला हरभरा, तर जुड्याच्या जुड्या, पानांसकट. फ्लॉवर घेताना भाजीवाला देठं छाटायला लागला की म्हणायची, “राहू दे, राहू दे.” बटाट्याची सालं जाड निघायला लागली. साठी ओलांडलेल्या बाईनं कचऱ्याची अब्रू राखण्यासाठी काय काय करावं! हे एकदा म्हणाले, “सुरीला धार करून आणू का?”

गंमत म्हणजे, याच रामबागेत माझं लहानपण गेलं. चार गल्ल्या पलीकडे, वाड्यात. घरात चौदा माणसं, आणि चौदा माणसांचा केर एका सुपलीत मावायचा. कोळशाच्या शेगडीची राख भांड्यांना. पेपरच्या पुड्या. संत्र्याच्या साली वाळवून दिवाळीच्या उटण्यात. आंब्याच्या कोयी फोडून आतला गर भाजून मीठ लावून आम्हा पोरांना. लाल भोपळ्याच्या बिया वाळत असायच्या, त्या राखायला माझी नेमणूक. जुनेरं बोहारणीला, त्यातली मऊ आधी काढून दुपट्यांना. उरलं ते गाईला. गाय रोज दहाच्या सुमाराला दिंडीदरवाजाशी यायची आणि शिंगानं कडी वाजवायची. आजी आतून म्हणायची, “आले गं बाई, आले,” जशी पाहुणी आली आहे. एकदा आजी आजारी असताना आई सालं घेऊन गेली, तर गाईनं तोंड फिरवलं. आईला त्याचा राग शेवटपर्यंत होता. नंतर कधी गाईचा विषय निघाला की ती म्हणायची, “सासूच्याच वळणावर गेलेली ती.”

दिवेलागणीनंतर केर काढला तरी बाहेर टाकायचा नाही, दाराआड लोटून ठेवायचा. लक्ष्मी जाते. मी विचारलं होतं, सकाळी टाकलेल्या केरातून ती नाही का जात? आजीनं उत्तर दिलं नाही, हातात केरसुणी दिली.

मग राऊची वर्षं आली, मुलांची. तेव्हा डबा ओसंडून वाहायचा आणि मी तो रोज वाचायची. वाचायची म्हणजे अक्षरशः. कुरकुऱ्यांचं रिकामं पाकीट वरच दिसेल असं टाकलेलं असलं की समजायचं, खाली आणखी दोन आहेत. थोरला सातवीत असताना एक दिवस डब्यात उत्तरपत्रिकेचे तुकडे सापडले. बेचाळीस. मी दुपारी जेवणाच्या टेबलावर ते जुळवत बसले, मागून चिकटपट्टी लावली. गणित, पन्नासपैकी अकरा. काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्या शाळेच्या डब्यात पोळीच्या खाली घडी घालून ठेवली. संध्याकाळी तोही काही बोलला नाही. डबा मात्र रिकामा आला. आता तो बेंगळुरूत दुसऱ्यांचे हिशेब सांभाळणारं सॉफ्टवेअर लिहितो, आणि मला त्या दुसऱ्यांची अधूनमधून काळजी वाटते.

धाकटीचं काम नीटनेटकं. ती कॉलेजात असताना सापडलेले तुकडे नखाएवढे होते, निळ्या शाईतले. सवयीनं मी पेपर पसरून बसले. दोन तुकडे जुळले. ‘तरी’ असा शब्द झाला. तेवढ्यात वर पाहिलं तर हे दारात. काही म्हणाले नाहीत, खुर्ची उचलून व्हरांड्यात गेले आणि माझ्याकडे पाठ करून बसले. मी हात काढून घेतला. तुकडे एका लग्नपत्रिकेच्या पाकिटात भरले. टाकायचेच होते, पण त्या दिवशी नाही टाकले, मग दुसऱ्या दिवशीही नाही.

राऊचं घर आवरताना अटालेवाला, म्हणजे भंगारवाला, दोनदा हातगाडी घेऊन आला. सायकल, कूलर, टाकीचं झाकण, थोरल्याची स्पर्धापरीक्षांची पुस्तकं. पुस्तकं तर त्यानं काट्यावर टाकण्याआधी वर्षानुवर्षांचा चिखल झाडावा तशी झाडली. बावीस वर्षं किलोच्या भावात गेली आणि मी घासाघीससुद्धा केली, एवढी निर्ढावले होते. पाकीट मात्र साड्यांच्या कपाटातून आलं आहे रामबागेत. कागद आहे, म्हणजे सुका. दर बुधवारी ते कपाट आवरायचं ठरवते.

डिसेंबरात दोघंही आली. धाकटीबरोबर तिचा दोन वर्षांचा मुलगा. आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी आणि जावई तीन डबे आणि एक पिशवी घेऊन खाली उतरलो. मटाराची टरफलं, संत्री, अंड्यांची कवचं, खोक्यांचे पुठ्ठे, आणि सॅनिटरीच्या कप्प्यात, इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच, आमच्या घरचं काही. गाडीवरच्या मुलानं भुवया उंचावल्या.

“आज तो पूरी बारात उतरी है, आंटी!”

“बच्चे आए हैं.”

“दिख रहा है,” तो म्हणाला, आणि डबे न आपटता परत दिले.

सोळा दिवस मी दुसऱ्या मजल्यावरच्या सुनेच्या बरोबरीनं रांगेत उभी राहिले. सतराव्या दिवशी सुक्यात फक्त बॅगांवरून फाडलेले विमानाचे टॅग होते, आणि ओल्यात चहाचा चोथा. मुलानं आत वाकून पाहिलं. काही म्हणाला नाही. दोनदा आपटला, दिला.

एक कप्पा मात्र आमचा वाढतो आहे, घातकाचा. मुदत संपलेल्या गोळ्या, बदललेल्या डोसाच्या गोळ्या, संपलेले सेल. त्या बाबतीत दुसरा मजला आमच्या आसपासही नाही. यांना तसं म्हटलं तर म्हणाले, “चला, कशात तरी पहिला नंबर.”

ओल्याचं पुढे काय होतं ते मात्र मला आवडतं. देवगुराडियाला, महादेवाची शिवरात्रीची जत्रा भरते त्या बाजूला, कित्येक वर्षं कचऱ्याचा डोंगर होता, वारा फिरला की कळायचं. आता तिथे 2022 पासून ओल्या कचऱ्याचा गॅस करतात. रोज साडेपाचशे टन कचरा घेण्याची त्या कारखान्याची ताकद, आणि त्या गॅसवर शहरातल्या बस चालतात. गेल्या महिन्यात यांच्या चष्म्यासाठी बसनं गेलो, तेव्हा मी मनातल्या मनात हिशेब केला. साडेपाचशे टनांत आमची दोन लिंबं आणि एक केळं. बस सिग्नलला थांबली आणि निघताना एक लहानसा हिसका बसला. म्हटलं, हा आमचा असणार.

“काय हसतेस?” हे म्हणाले.

“काही नाही, आपला कचरा गेला.”

त्यांनी खिसे चाचपले. माणसाचा कान खरंच तपासून घ्यायला हवा.

तर परवाचा तो डबा अजून तसाच आहे. काल गाडी आली तेव्हा वाटलं, एवढंसं काय न्यायचं, उद्या देऊ. आज पुन्हा तेच वाटलं. मग भाजी आणायला गेले. भेंडीत काही निघत नाही, नुसती देठं. दोडके छान होते, कोवळे, आणि दोडका सोलला की सालांचा ढीग पडतो हे लक्षात येऊन तीन पाव घेतले. घरी येऊन सोलले, चांगली परातभर सालं झाली. डबा ओढला, झाकण काढलं. मग लोखंडी तवा ठेवला, तीळ काढले, सुकं खोबरं किसलं, आणि आजी करायची तशी त्या सालांची चटणी केली. खमंग झाली आहे. दोघांना चार दिवस पुरेल.