मालक तोच, काम दुसरं

कंपनी तीच, गेटवर लावायचं कार्ड तेच, पार्किंगची जागासुद्धा तीच, आणि तरी मला नव्याने बायोडाटा लिहायला बसावं लागलं. न्यू जर्सीतल्या एका औषध कंपनीत मी क्वालिटी अ‍ॅशुरन्समध्ये होते, आता तिथल्याच व्हॅलिडेशन विभागात, म्हणजे यंत्रं आणि पद्धती ठरल्याप्रमाणे चालतात हे चाचण्यांनी सिद्ध करणाऱ्या विभागात गेले. डिसेंबरात बडोद्याला आले तेव्हा दांडिया बाजारातल्या घरी बाबांच्या मित्रमंडळींना ही बातमी सांगितली. पहिलाच प्रश्न आला, "साहेबाशी बिनसलं का गं?"

मला हसू आलं, पण प्रश्न साहजिक होता. या काकालोकांची उभी हयात फर्टिलायझर, रिफायनरी नाहीतर आयपीसीएलमध्ये गेली. १९६२ ला खतांची जीएसएफसी, १९६५ ला कोयलीची रिफायनरी, १९६९ ला पेट्रोकेमिकल्सची आयपीसीएल. बडोद्यातल्या निम्म्या मराठी घरांची चूल या तीन नावांवर पेटली असं म्हटलं तरी चालेल. तिथे बदली व्हायची, कुणी मागायचं नाही. वरून ऑर्डर निघायची, सिनियॉरिटीची यादी लागायची, आणि यादीत आपल्या वर कोण हे घरातल्या बायकांनाही पाठ असायचं. स्वतःहून दुसरा विभाग मागणारा माणूस एकतर कुणाशी तरी भांडलेला असणार, नाहीतर त्याला कुणीतरी आतून सांगितलेलं असणार. आयपीसीएल २००२ मध्ये रिलायन्सकडे गेली. तिथलेच एक काका म्हणाले, "आमचं काम तेच राहिलं, मालक बदलला. तुझं उलटंच."

अगदी उलटं. अमेरिकेत आमच्याकडे जागा रिकामी झाली की कंपनीच्या पोर्टलवर लागते आणि ज्याला हवी त्याने अर्ज करायचा. न्यू जर्सीत १ जून २०२५ पासून कायदाच आहे. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीने जाहिरातीत पगार कुठून कुठपर्यंत ते छापायचं, आणि बढतीची संधी असेल तर त्या विभागातल्या लोकांना आधी कळवण्याची वाजवी खटपट करायची. कोलोरॅडोने हे २०२१ मध्येच सुरू केलं होतं. मागच्या दाराने कुणाला आणून बसवणं त्यामुळे थांबलं, असं मी म्हणणार नाही. पण शेजारच्या टेबलाचा पगार काय असू शकतो हे न विचारता कळतं, हीदेखील थोडी गोष्ट नव्हे.

अर्जाआधी मॅनेजरला सांगायचं की नाही, यावर इथल्या देशी मंडळींत कायम वाद असतो. माझं मत स्पष्ट आहे: आधी सांगा. पोर्टलवर बटण दाबलं की नव्या विभागाचा प्रमुख पहिला फोन तुमच्याच मॅनेजरला करतो. तिला बातमी त्याच्याकडून कळली तर ती पुढे तुमच्याबद्दल चांगलं बोलेलही, पण एक क्षण थांबून बोलेल. तो क्षण महागात पडतो. मी सांगितलं तेव्हा माझी मॅनेजर एवढंच म्हणाली, "मार्चच्या ऑडिटपर्यंत मात्र सोडणार नाही." सौदा मान्य.

मुलाखतीला मात्र माझी खरी कसोटी लागली. बाहेरच्या उमेदवाराला एक सोय असते, त्याची मागची भांडणं कुणाला ठाऊक नसतात. माझ्यासमोर तीन माणसं बसली होती आणि त्यातल्या एकाची फाईल मी मागच्या वर्षी दोनदा परत पाठवली होती. माझं तेव्हाचं काम बॅच रेकॉर्ड तपासायचं. औषधाचा एक घाणा, म्हणजे बॅच, काढला की त्याची वहीच्या वही भरते: कुठलं यंत्र, किती वाजता, तापमान किती, सही कोणाची. आकडा चुकला तर खोडायचा नाही, व्हाइटनर तर पाप. एक आडवी रेघ, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी सही, तारीख आणि कारण. या गृहस्थांनी टाकी धुण्याच्या नोंदीत कारण लिहिलं नव्हतं. मी फाईल परत पाठवली. त्यांनी "चूक" एवढाच शब्द लिहून धाडली. मी पुन्हा परत पाठवली.

त्यांनी नेमका तोच विषय काढला. "तू इतकी वर्षं आमच्या चुका शोधल्यास. उद्या आमच्या बाजूला बसून चाचण्यांचे प्रोटोकॉल लिहिशील, तर तुझ्या चुका कोण शोधणार?" माझी जुनी टीमच शोधणार, मी म्हटलं, आणि त्यांना काय काय खटकतं ते मला आधीच ठाऊक आहे. मग टाकी धुतल्यावर कापसाच्या बोळ्याने पुसून नमुना घेतात, तो कुठून घ्यावा, यावर आम्ही बराच वेळ बोललो. ढवळणीच्या पात्याखालची बाजू, झडपेची खाच, जिथे पाणी पोचत नाही तिथून, हे माझं म्हणणं. ते म्हणाले, तिथे आमच्या माणसाचा हात पोचत नाही. मुलाखत आहे हे दोघेही विसरलो होतो. उरलेल्या दोघांनी टीम म्हणून काम कसं करतेस वगैरे नेहमीचं विचारलं, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

आता जे इकडे कुणाच्या लक्षातही येत नाही ते. आपल्यासारख्या एच-१बीवाल्याला, म्हणजे कंपनीने काढलेल्या कामाच्या व्हिसावर असलेल्याला, आतल्या आत जागा बदलणं नुसत्या एचआरच्या हातात नसतं. व्हिसा ठरावीक कंपनीतल्या ठरावीक कामासाठी असतो. गाव बदलून दुसऱ्या महानगर क्षेत्रात गेलात तर सुधारित अर्ज करावाच लागतो, हे २०१५ च्या एका निकालानंतर पक्कं झालं. माझी इमारत तीच होती, पण कामाचं स्वरूप बदलत होतं, म्हणून वकिलाने अर्ज भरायला लावला. ग्रीन कार्डचं त्याहून किचकट. त्यातली पर्म नावाची पायरी, म्हणजे या जागेला अमेरिकेतला माणूस मिळत नाही हे कंपनीने सरकारला दाखवणं, एका विशिष्ट पदासाठीच असते. नवं काम पुरेसं वेगळं ठरलं तर जाहिराती देण्यापासून सगळं नव्याने. एकच दिलासा, आय-१४०, म्हणजे कंपनीने तुमच्यासाठी भरलेला पुढच्या पायरीचा अर्ज, मंजूर झालेला असेल तर ग्रीन कार्डच्या रांगेतली तारीख हातातून जात नाही. या ग्रीन कार्डांत एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा असल्याने आपल्या लोकांची रांग दशकाहून लांब आहे, त्यामुळे त्या तारखेला इथे लोक घराच्या दस्तासारखं जपतात. माझा आय-१४० मंजूर होता, म्हणून मी हे धाडस केलं. नसता तर नसतं केलं, आणि तुमच्यापैकी कुणाचा नसेल तर पोर्टल उघडण्याआधी वकिलाला फोन करा, मॅनेजरला नंतर.

पगाराचं सांगितल्यावर ओट्यावर शांतता पसरली. "वाढला ना?" वाढला, पण बाहेरून येणाऱ्याला मिळाला असता तेवढा नाही. व्हार्टन या बिझनेस स्कूलचे मॅथ्यू बिडवेल यांनी एका अमेरिकन बँकेतली माणसं तपासून २०११ मध्ये लिहिलं होतं, की त्याच पदावर बाहेरून घेतलेल्या माणसाला बढती मिळालेल्या आतल्या माणसापेक्षा साधारण १८ टक्के जास्त पगार मिळतो, आणि पहिली दोन वर्षं त्याच्या कामाला मूल्यांकनात गुण मात्र कमी मिळतात. जाहिरातीत आकडे छापलेलेच होते, म्हणून मी मधला मागितला. एचआरने "तुमचा आत्ताचा पगार पाहता" अशी सुरुवात केली. माझ्या मते हे वाक्य अन्यायाचं आहे, जागेचा पगार जागेला असावा. मी तसं म्हटलं, त्यांनी थोडं चढवलं, मधल्यापर्यंत काही आले नाहीत.

बाबा इतका वेळ गप्प होते. शेवटी म्हणाले, "आणि त्यांनी तुला घेतली नसती तर? त्याच खुर्चीत, त्याच बाईसमोर बसायचं?" हो, बसायचं. आमच्याकडच्या एकाचं तसं झालं. अर्ज केला, नाव आलं नाही, सोमवारी पुन्हा जुन्या टेबलावर. दोन आठवडे कुणी त्याच्यासमोर विषय काढला नाही. पण का घेतलं नाही हे त्याने स्वतः जाऊन विचारलं, आणि उत्तर मिळालं की सांख्यिकी कच्ची आहे. त्याने कोर्स लावला. माझी रिकामी झालेली जागा पोर्टलवर लागली तेव्हा पहिला अर्ज त्याचाच होता. निकाल अजून लागायचा आहे.