माळकऱ्याचं लिव्हर

सोलापूरच्या माझ्या ओपीडीत त्या दिवशी दोघे भाऊ एकत्र आले होते. थोरला अंगानं भरलेला, शनिवारी-रविवारी हमखास ‘बसणारा’. धाकटा सडपातळ, बीएमआय २२, किराणा दुकानदार, गळ्यात तुळशीची माळ. आणि फॅटी लिव्हर निघालं ते धाकट्याचं! गावात कुजबुज सुरू होती की माळ नावाला आहे, हा चोरून घेतो. बायकोनंही मला बाजूला घेऊन विचारलं होतं, “हे घेत तर नाहीत ना, डॉक्टर?”

हिपॅटायटिस बी, सी, लोह, तांबं, थायरॉइड सगळं तपासून झालं होतं. लिव्हर किती कडक झालंय ते मोजणारा फायब्रोस्कॅन धाकट्याचा ११.८ किलोपास्कल. ८ च्या खाली असला की आम्ही बरेचसे निर्धास्त असतो. थोरल्याचाही करून पाहिला, तर ५.४. तो हसला. मला ते हसणं काही आवडलं नाही.

जनुकतपासणी मी सहसा लिहून देत नाही. पैसे जातात, सल्ला तोच राहतो. पण धाकट्याच्या बीएस्सी करणाऱ्या मुलीनं हट्टानं ती करून घेतली होती. रिपोर्टमध्ये पीएनपीएलए३ जनुकाच्या दोन्ही प्रतींत आय१४८एम हा बदल. फॅटी लिव्हरशी त्याचं नातं २००८ साली अमेरिकेतल्या डॅलसच्या अभ्यासातून पुढे आलं. यात प्रथिनातलं एकच अमिनो आम्ल बदलतं, पण मग ते प्रथिन लिव्हरमधल्या चरबीच्या थेंबांवर साचून राहतं आणि चरबी फोडणाऱ्या एन्झाइमला काम करू देत नाही. म्हैस गोठ्याच्या दारात आडवी बसावी, तसं.

“मग तात्याकाकांना का नाही?” मुलीनं विचारलं.

“आईकडून एक प्रत, वडलांकडून एक. कुणाच्या वाट्याला कुठली येईल, ते प्रत्येक लेकरागणिक वेगळं.” शिवाय जनुक एकटं एवढं करत नाही. दिवसभर गल्ल्यावर बैठक, गिऱ्हाइकागणिक गोड चहा, एकादशीला ताटभर साबुदाणा, हे सगळं त्याच्या मदतीला होतंच.

मुलगी क्षणभर गप्प झाली. “म्हणजे माझ्यात एक प्रत नक्कीच आली.”

आली होती. पण हा बदल आपल्याकडे मुळीच दुर्मीळ नाही आणि एका प्रतीनं धोका कमीच वाढतो, हे मी तिला सांगितलं.

धाकट्याला मात्र वेगळंच हवं होतं. “डॉक्टरसाहेब, हे मराठीत लिहून द्या. दिंडीत दाखवायचंय.”

बायको घाईनं म्हणाली, “आनुवंशिक असं लिहू नका हो. पोरीचं लग्न व्हायचंय.”

“लिहा,” मुलगी म्हणाली. “कुणी विचारलं तर मी सांगेन.”

मी लिहिलं. खाली साखर बंद, रोज भरभर चालणं, दोन-तीन किलो वजन कमी, सहा महिन्यांनी पुन्हा फायब्रोस्कॅन.

“आणि मला काय?” थोरल्यानं विचारलं.

“तुमचं शनिवार-रविवारचं बसणं बंद.”