सतरा नंबरचा चिरा

गोव्यातला खोर्जुव्याचा किल्ला तसा लहान, पण तटावर उभं राहून खाली म्हापसा नदी पाहिली की चौकी इथेच का बसवली ते उमगतं. 1705 साली पोर्तुगीजांनी सावंतवाडीकर भोसल्यांकडून हे बेट घेतलं आणि किल्ला उभारला. पुढे डिचोली, सत्तरी, 1788 मध्ये पेडणेही पोर्तुगीजांकडे गेलं. सरहद्द पुढे सरकली, किल्ला मागे पडला.

मे संपत आला होता. किल्ल्याची डागडुजी माझ्या देखरेखीखाली चालली होती. बुरजात पिंपळ शिरलेला. मूळ ओढून काढायची सोय नसते, त्याच्याबरोबर भिंतच सुटून येते. म्हणून वरचे चिरे आकडे टाकून एकेक उतरवत होतो. पाऊस तोंडावर आणि बुरूज उघडा, त्यामुळे मला रात्रीची झोप नव्हती. कंत्राटदार सकाळपासून मागे लागला होता, "सिमेंट भरा मॅडम, दोन दिवसांत मोकळे."

सतरा नंबरचा चिरा निघाला आणि तात्यांची थापी थांबली. तात्या आमचे जुने गवंडी, दोडामार्गचे. म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने पलीकडच्या मुलखातले.

"मॅडम, जरा वर या."

सांध्यातल्या चुन्यात अर्धवट भाजलेली शिंपली होती. एका कडेचं बोट लावताच पीठ झालं, दुसऱ्या कडेवर बारीक वळ्या अजून शाबूत.

"खुबे," तात्या म्हणाले. "खाऊन झाले की आई कवचं चुन्याच्या भट्टीवाल्याकडे पाठवायची."

किल्ल्याचा चुना नदीनेच पुरवला होता तर! शिंपल्यांच्या चुन्याबद्दल मी वाचलेलं होतं, पण चिऱ्याखालून निघालेलं ते कवच हातात घेतल्यावर अंगावर काटा आला. चिऱ्याचा जांभा दगड पाणी पितो आणि चुन्याच्या सांध्यांतून ते बाहेर सोडतो. सांध्यात सिमेंट भरलं की ओल आतच कोंडते, क्षार साचतात आणि दरवर्षी चिरा थोडा थोडा भुगा होऊन गळतो. सिमेंट मात्र तसंच उभं राहतं. हे मी कंत्राटदाराला तिथेच, चिरा दाखवून सांगितलं. त्याला पटलं नाही. मी सही केली नाही.

दुपारभर आम्ही बुरजावर ताडपत्री ताणली, कडेने पाण्याला उतार दिला. चुना पावसाळाभर मुरवायचा आणि सांधे पाऊस सरल्यावर भरायचे असं ठरलं. शिंपली नमुन्याच्या पिशवीत घातली, वर सतरा आकडा लिहिला.

खाली उतरले तेव्हा तात्या पायरीवर बसून गावी फोनवर विचारत होते, "कवचं अजून कोण भाजतं रे?"