आमची वाटचाल : 'कुई' शोधून देणारं दुकान

मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात. त्यामुळे गाड्यांशी संबंधित धंदा इथे उपाशी राहत नाही. वडील घरगुती रेडिओ-टेप दुरुस्त करायचे. धाकट्या भावाने आणि मी तेच दुकान गाड्यांच्या म्युझिक सिस्टिमकडे वळवलं. कॅसेट गेली, सीडी आली आणि गेली, पेन ड्राइव्ह आला, आता अँड्रॉइड स्क्रीन. हा प्रवास आमच्या लाइनीतल्या प्रत्येकाचा सारखाच, म्हणून तो इथेच सोडतो.

आमचं नाव झालं ते दुसऱ्यांनी बसवलेल्या सिस्टिममुळे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नवी गाडी घ्यायची, हौसेने आवाज वाढवणारा अ‍ॅम्प आणि खालच्या सुरांची बेस ट्यूब टाकायची, आणि थोड्याच दिवसांत गिऱ्हाईक दारात हजर: "भो, गाडी बंद ते आवाज बंद, गाडी चालू करी का कुई वाजस!" ही कुई म्हणजे स्पीकरमधून येणारी शिट्टी. ॲक्सिलरेटर दिला की ती बारीक होत वर चढते. माणूस एवढं सांगतो तेव्हा अर्धं निदान त्यानेच केलेलं असतं, फक्त ऐकून घ्यायला हवं.

ही कुई येते डायनामोतून, म्हणजे ऑल्टरनेटरमधून. त्यात वीज तयार होते ती एसी, म्हणजे सतत दिशा बदलणारी. डायोड तिची डीसी, म्हणजे एकाच दिशेची, करतात, पण थोडी लहर उरतेच. ऑल्टरनेटर बारा पोलचा, म्हणजे चुंबकाच्या बारा टोकांचा, असेल तर त्याच्या एका फेऱ्यात अशा ३६ लहरी येतात. इंजिन ८०० आरपीएमला आणि ऑल्टरनेटरची पुली त्याच्या अडीचपट फिरत असेल, तर हिशेब होतो १२०० हर्ट्झचा. माणसाच्या कानाला छान ऐकू येणारा सूर! लहर प्रत्येक गाडीत असते. कुई मात्र प्रत्येक गाडीत वाजत नाही. म्हणून आम्ही डायनामोला दोष देत बसत नाही, ती लहर आवाजाच्या वाटेत कुठून शिरली ते बघतो.

बहुतेक वेळा ती शिरते अर्थिंगमधून, म्हणजे करंट परत नेणाऱ्या जोडणीतून. टेपची, म्हणजे डॅशबोर्डवरच्या प्लेअरची, अर्थ डॅशबोर्डमागे, अ‍ॅम्पची मागे डिकीत. दोन्ही बॉडीलाच, पण त्या बॉडीतून गाडीभराचा करंट बॅटरीकडे परत जात असतो, त्यामुळे दोन जागांमध्ये थोड्या मिलिव्होल्टचा फरक पडतो. टेप आणि अ‍ॅम्प यांना जोडणारी आरसीए वायर, तिची बाहेरची जाळी या फरकाला आयती वाट करून देते. अ‍ॅम्पला त्यातलं गाणं कुठलं आणि घाण कुठली ते कळत नाही. तो दोन्ही मोठं करतो.

याच्यावर बाजारात सगळीकडे मिळणारं औषध म्हणजे 'फिल्टर', खरं तर ग्राउंड लूप आयसोलेटर, अर्थमधली ही वाट तोडणारी डबी. डबीत दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असतात. लावला की कुई जाते हे खरं, पण स्वस्तातल्या डबीचा ट्रान्सफॉर्मर एवढासा असतो की खालच्या सुरांना त्याचा दम निघतो आणि बेस पातळ होतो. गिऱ्हाइकाने पैसे कशाचे मोजले? बेसचेच ना! आमच्याही ड्रॉवरमध्ये ती डबी आहे, पण ती निघते सगळे उपाय संपल्यावर.

त्याआधी आमची पोरं काय करतात ते सांगतो. गाडी चालू ठेवून अ‍ॅम्पच्या आरसीए काढायच्या आणि तिथे आतल्या आत शॉर्ट केलेले प्लग लावायचे. कुई तशीच राहिली तर भानगड अ‍ॅम्पच्या पॉवरमध्ये, अर्थमध्ये किंवा स्पीकरच्या वायरीत. थांबली तर पुढे डॅशबोर्डकडे सरकायचं. मग चार्जरवर न लावलेला मोबाइल थेट अ‍ॅम्पला जोडून गाणं लावायचं. तेही स्वच्छ वाजलं तर दुसरी आरसीए सीटवरून मोकळी टाकून बघायची; कुई गेली तर जुनी वायर पॉवर केबलला खेटून नेलेली आहे. एवढं करूनही राहिलीच, तर टेपच्या आरसीएचं बाहेरचं कडं आणि टेपची बॉडी मीटरने तपासायची. काही टेपमध्ये तिथे आत इवलासा फ्यूज असतो. चालू सिस्टिममध्ये वायरी उपटल्या की तो उडतो आणि तेव्हापासून कुई सुरू. मीटर एसीवर ठेवून बॅटरीवरची लहरही बघतो. ती अर्ध्या व्होल्टच्या पुढे गेली तर डायोड गेला समजायचा, आणि गाडी शेजारच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे.

एक ट्रॅक्टर मात्र खास लक्षात आहे. कानबाईच्या सणाआधी साक्रीकडचे एक आप्पा घेऊन आले. टेप वर हुडाच्या, म्हणजे छताच्या, पाइपला, अ‍ॅम्प सीटमागच्या पेटीत. आवाज असा की अहिराणी गाण्यातली ढोलकीसुद्धा कुईच्या आड गेलेली. पोराने दोन्ही आरसीए उपटल्या आणि टेपच बंद पडला. परत लावल्या, टेप चालू! भाऊ हसायलाच लागला. टेपची काळी वायर पाइपला पक्की कसलेली होती, पण हूड बसलं होतं रबरी बुशांवर, वर रंगाचा थर. बॉडीशी त्याचा संबंधच नव्हता. टेपचा सगळा करंट आरसीएच्या जाळीतून अ‍ॅम्पमार्गे परत जात होता. चेसिसवर जागा शोधली, पॉलिश पेपरने लोखंड चमकेपर्यंत घासलं, वायरीच्या टोकाला थिंबल (धातूचं कडं) मारून टेप आणि अ‍ॅम्प दोघांची अर्थ तिथे कसली, वरून ग्रीस. कुई गेली. आप्पांनी खिशात हात घातला आणि विचारलं, "सामान ते काहीच नही टाकं, मंग पैसा कसाना?"

हा प्रश्न आमच्या धंद्याचं मूळच होतं. वायर विकली की पैसे मिळतात, डबी विकली की मिळतात. डोकं लावलं, अर्धा दिवस घातला, त्याचे मागायला जीभ रेटत नव्हती. भावाचं मत सरळ होतं: शोधायचे पैसे वेगळे लावायचे आणि गाडी आत घेण्याआधीच सांगायचे. मला वाटत होतं गिऱ्हाईक तुटेल. काही तुटलंही. पण पैसे शोधण्याचे मिळायला लागल्यावर नको ती डबी गळ्यात मारायची गरज उरली नाही, आणि हीच गोष्ट गावोगाव पोचली. आज दारात धुळ्याच्या १८ पासिंगइतक्याच जळगावच्या १९ आणि नंदुरबारच्या ३९ च्या गाड्या उभ्या असतात. आप्पांनी त्या दिवशी कुरकुरत पैसे दिले. पुढे पुतण्याची पिकअप त्यांनीच धाडली.

सामान विकतानाही एक पथ्य पाळतो. तांब्याची म्हणून मिळणारी बरीच पॉवर केबल आतून ॲल्युमिनियमची असते, वर नुसता तांब्याचा मुलामा. तेवढ्याच जाडीत ती करंट कमी पेलते. आम्ही टोक खरवडून दाखवतो. मग स्वस्त हवी असेल तर गिऱ्हाइकाची मर्जी. तीच, पण एक गेज जाड देतो.

१ एप्रिल २०२० पासून धुराच्या कडक नियमाच्या बीएस-६ गाड्या आल्या आणि लगेच न दिसणारा एक फरक पडला. आता बऱ्याच गाड्यांत बॅटरीच्या निगेटिव्हवरच करंट मोजणारा सेन्सर बसलेला असतो. अ‍ॅम्पची अर्थ थेट बॅटरीच्या खुंटीला बांधली तर तो करंट सेन्सरला दिसतच नाही, आणि गाडीचा चार्जिंगचा हिशेब चुकतो. म्हणून अर्थ बॉडीलाच. पण सीटबेल्टच्या बोल्टला कधीही नाही. तो जीव वाचवायला दिलेला आहे. कंपनीची वायर कापत नाही, तिच्या प्लगला जुळणारा कपलर वापरतो.

हल्ली 'फक्त एफएमला खरखर' ही तक्रार वाढली आहे. तिथे बहुधा दोषी निघतो डॅशकॅमचा स्वस्त चार्जर नाहीतर बाहेरून टाकलेला एलईडी बल्ब. म्हणून आमच्याकडे येताना गाडी आवरून आणू नका. रोजचा चार्जर, डॅशकॅम, हवेचा पंप, जे जे लावता ते तसंच राहू द्या. आणि कुई कधी येते, लाइट लावल्यावर, गाडीतला थंड हवेचा एसी लावल्यावर की फक्त चढावर, ते तुमच्याच बोलीत सांगा. आमचा एक पोरगा ते वहीत जसंच्या तसं लिहून घेतो.