ऑझफेस्ट: नकारातून उभा राहिलेला तमाशा

ऑझफेस्ट म्हणजे हेवी मेटल म्हणजे दणदणीत रॉक संगीताचा अमेरिकेतला फेस्टिव्हल, ब्लॅक सॅबाथ बँडचा गायक ऑझी ऑझबर्नच्या नावाचा. पण माझ्या दृष्टीने त्याचा खरा हिरो ऑझी नाही, त्याची बायको आणि मॅनेजर शॅरन ऑझबर्न. लोलापालूझा या दुसऱ्या फिरत्या रॉक फेस्टिव्हलवाल्यांनी नवऱ्याला घेतलं नाही म्हणून बाईंनी स्वतःचाच फेस्टिव्हल काढला. ऑक्टोबर १९९६, फक्त दोन शो : फिनिक्स आणि कॅलिफोर्नियातलं डेव्होर. ऑझीसोबत स्लेयर, सेपल्टुरा हे मेटल बँड. पुढच्याच वर्षी तो अमेरिकाभर फिरायला लागला. ब्लॅक सॅबाथ (ड्रमर बिल वॉर्ड सोडून), पँटेरा, मॅरिलिन मॅन्सन एकाच दिवशी! आमच्या कोल्हापुरात तेव्हा मेटलची कॅसेट मिळायची मारामार.

मला मात्र मोठ्या स्टेजपेक्षा बाजूच्या छोट्या स्टेजचं कौतुक जास्त. १९९९ला तिथेच स्लिपनॉट हा नवा बँड वाजवत होता, आणि त्यांचा पहिला मोठा अल्बम टूर चालू असतानाच बाजारात आला. रेडिओ विचारत नव्हता अशा पोरांना रोज नव्या गावात हजारोंचं पब्लिक आयतं मिळायचं. अर्थात फुकट नाही; पुढे तर त्या जागेसाठी रेकॉर्ड कंपन्या पैसे मोजायच्या, हे मला खटकतंच. आणि गंमत बघा, २००७ला बाईंनी प्रेक्षकांसाठी तिकीटच काढून टाकलं. दुसऱ्या वर्षी टूर गुंडाळली, टेक्सासमध्ये एकच दिवस केला.