‘उच्चार सुधारावेत’ म्हणजे नेमके कुठले?

तैत्तिरीय उपनिषदातली शिक्षावल्ली म्हणायला शिकायचं ठरवलं ते एका ओळीसाठी: ‘आचार्यः पूर्वरूपम्। अन्तेवास्युत्तररूपम्। विद्या सन्धिः। प्रवचनं सन्धानम्।’ शिक्षक हे आधीचं अक्षर, विद्यार्थी नंतरचं, विद्या हा त्यांचा संधी आणि शिकवणं हे त्यांना जोडणारं. बावीस वर्षं मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. फळ्यावर संधी किती सोडवले असतील, पण त्यात मी स्वतः कुठे आहे हे तैत्तिरीय उपनिषदाने पहिल्यांदा दाखवलं.

ऑनलाइन वर्ग मिळाला, फी भरली, पुस्तक घरी आलं. म्हणण्याचे तीन स्वर: अनुदात्ताला, म्हणजे खालच्या स्वराला, अक्षराखाली आडवी रेघ, स्वरिताला डोक्यावर उभी, उदात्ताला खूण नाही, एवढं पहिल्याच दिवशी कळलं. चार महिने एकही तास बुडवला नाही.

पण त्या चार महिन्यांत माझा आवाज शिकवणाऱ्यांच्या कानावर एकदाही पडला नाही. सत्तरेक जण एका वेळी, सगळे म्यूट. सगळे बोलले तर गोंधळ होतो, हे मला मान्य आहे. मात्र ज्या विद्येचं नावच श्रुती, ती एका बाजूने ऐकून कशी यायची? घरी मी मोठ्याने म्हणायचे, बरोबर म्हणतेय असं समजून. चूक रोज थोडी थोडी घट्ट होत होती.

शेवटी परीक्षा. शांतिपाठासह पहिले तीन अनुवाक, म्हणजे शिक्षावल्लीचे छोटे भाग, मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठवायचे. पाठवले. तीन आठवड्यांनी उत्तर आलं: ‘उच्चार सुधारावेत. पुन्हा पाठवा.’ कुठला उच्चार? कितव्या ओळीत? काही नाही. मी मूळ ध्वनिफीत वीस वेळा ऐकली आणि पुन्हा पाठवलं. पुन्हा तीन आठवडे, पुन्हा तेच वाक्य. फोन केला तर ऑफिसातली मुलगी म्हणाली, ‘मॅडम, शेरा एवढाच आहे, आमच्याकडे दुसरं काही नसतं.’ तिसऱ्यांदाही तेच आलं, तेव्हा रडूच आलं. दहावीच्या मुलाच्या निबंधाखाली नुसतं ‘सुधारणा आवश्यक’ लिहिलं तर तो कागद उलटा करतो आणि पुन्हा बघत नाही. तसंच मीही पुस्तक मिटलं. दीड महिना उघडलं नाही.

माझं माहेर वाईचं. दिवाळीत गेले तेव्हा आईने गल्लीतल्या एका वयस्कर गुरुजींकडे नेलं. ते म्हणाले, ‘पुस्तक बाजूला ठेवा बाई, आणि म्हणा.’ मी ‘शं नो मित्रः’ सुरू केलं. पाचव्या-सहाव्या ओळीला त्यांनी हात वर केला. ‘तुम्ही म्हणता छान, पण गाता. आणि ऋतं म्हणा बघू.’ मी म्हणाले, ‘रुतं वदिश्यामि.’ तिथेच सापडलं. ऋ मध्ये मी उकार घालत होते आणि ष चा श करत होते. जन्मभर मराठी बोलताना आपण हेच करतो, म्हणून ते मला ऐकूच येत नव्हतं. ष साठी जिभेचं टोक मागे वळवून टाळूजवळ न्यायचं, हे त्यांनी आपलं तोंड उघडून दाखवलं. मग ‘मित्रः’ मधल्या ‘मि’ला तळवा खाली नेला. मी तो ‘मि’ भजनासारखा उचलत होते. सगळं मिळून दहा मिनिटं लागली असतील. जे दहा मिनिटांत सांगता येतं, त्यासाठी मला नऊ आठवडे नुसतं थांबवलं, याचा राग अजून जात नाही.

त्यांनीच ‘पाणिनीय शिक्षा’ या उच्चारांवरच्या जुन्या ग्रंथातले सहा अधम पाठक सांगितले: गाणारा, घाई करणारा, डोकं हलवणारा, लिहिलेलं वाचणारा, अर्थ न जाणणारा आणि बारीक आवाजाचा. त्यातले दोन तरी मी होतेच.

आता दर शनिवारी दुपारी फोनवर संथा चालते. गुरुजी एकदा म्हणतात, मी दोनदा. वर्ग निवडताना आधी एवढंच विचारा, की माझं म्हणणं कोण ऐकणार आणि किती वेळा? बाकी चौकशी नंतर. ध्वनिफितीचा वेग वाढवून ऐकू नका, मी तेही केलं होतं. आणि हे आधी सांगायला हवं होतं: सलग पाच तास घेऊन घसा बसला असेल त्या दिवशी म्हणू नका. सकाळी शाळेला निघण्यापूर्वीची पंधरा मिनिटं पुरतात.

शाळेच्या प्रार्थनेतही कान जागा झाला. मुलं ‘सहना ववतु’ आणि ‘तेजस्विना वधीतमस्तु’ म्हणत होती, आम्ही शिक्षकही. फळ्यावर ‘सह नौ अवतु’, ‘तेजस्वि नौ अधीतम् अस्तु’ असं तोडून लिहिलं. नौ म्हणजे आपण दोघं, तुम्ही आणि मी, असं सांगितलं. आठवड्यात सगळा वर्ग नीट म्हणायला लागला. त्या सोमवारी प्रार्थना ऐकताना मला जे वाटलं, ते प्रमाणपत्राने वाटलं नसतं. चौथं रेकॉर्डिंग मी पाठवलेलंच नाही.

वह्या तपासताना आता चुकलेल्या अक्षराखालीच रेघ मारते. वेळ लागतो, परवा रात्रीचे साडेअकरा वाजले.

सध्या अकरावा अनुवाक चालू आहे. ‘स्वाध्यायान्मा प्रमदः’ गेल्या शनिवारी सात वेळा म्हणवून घेतलं. ‘न्मा’ अजून बसलेला नाही, या शनिवारी पुन्हा तिथूनच.